चौथी खोली वाचली कशी?

१

सकाळी बाईंनी पहिल्या खोलीचं दार उघडलं आणि त्यांचा आवाज थेट जिन्यापर्यंत पोचला.

"दिवे कुणी मालवले?"

मी तेव्हा दुसऱ्या मजल्यावर एक थर्मामीटर दुसऱ्याशी ताडून पाहत होते. दोन्ही तिथंच ठेवले आणि खाली धावले. बाई दुसऱ्या खोलीपाशी पोचल्या होत्या. तिथंही अंधार. तिसरीत अंधार. चौथीचं दार उघडलं, तर तिथं दिवे नेहमीसारखे लख्ख होते.

आमच्या संस्थेत झाडांवर संशोधन चालतं. तळमजल्यावर ओळीनं बिनखिडकीच्या खोल्या आहेत. प्रत्येक खोलीत भिंतीवर एक कंट्रोलर असतो. तो दिवे, गारवा आणि ओलावा सांभाळतो. हे कंट्रोलर आणि इमारतीतली आणखी बरीच यंत्रं मिळून साठेक उपकरणं एका सर्व्हरवर नोंदलेली आहेत. दर तासाला कंट्रोलर सर्व्हरला हाक मारतो, की मी हजर आहे, काम चालू ठेवू ना? नोंद असेल तर सर्व्हर हो म्हणतो. नसेल तर कंट्रोलर हात वर करतो आणि खोली विझते.

आदल्या रात्री सर्व्हर तीन खोल्यांना नाही म्हणाला होता. तिन्ही बाईंच्या.

बाई म्हणजे फुलोरा विभागाच्या प्रमुख. एका वेलीच्या मागे त्या कित्येक वर्षं लागल्या होत्या आणि नेमक्या आता वेलीला कळ्या धरल्या होत्या. "आजचा दिवस अंधारात गेला तर उद्या सगळ्या कळ्या जमिनीवर," त्या म्हणाल्या. तेवढ्यात सर्व्हर सांभाळणारे काका धापा टाकत आले. त्यांना सगळे कुलूपकाका म्हणतात. स्टेपलरसुद्धा कुलपात ठेवणारा माणूस, दुसरं काय म्हणणार?

"बाई, चूक नाही माझी," काका आल्या आल्या म्हणाले. "काल संध्याकाळी निघताना मी वापरात नसलेल्या नोंदी काढल्या. लायसन्स संपली होती, आणखी उपकरणं नोंदवता येईनात. आपल्या त्या तरुण शास्त्रज्ञांच्या, जावईबापूंच्या, नव्या खोल्या दारात ताटकळत होत्या. सहा महिने ज्यांनी हाक मारली नाही, त्या नोंदी काढायच्या असा नियम लावला. पाच निघाल्या. दोन भंगारातल्या आणि..."

"आणि तीन माझ्या!"

"सर्व्हरच्या मते तुमच्या खोल्या सहा महिन्यांत एकदाही बोललेल्या नाहीत."

"अहो, काल दुपारी मी इथं उभी होते! दिवे डोक्यावर होते माझ्या! म्हणजे मी खोटं बोलते?"

"मी तसं कुठं म्हटलं? सर्व्हर खोटं बोलत नाही, एवढंच म्हटलं."

बाईंनी पुढं ऐकून घेतलंच नाही. त्या तरातरा संस्थेच्या प्रमुखांच्या, म्हणजे साहेबांच्या, केबिनकडे गेल्या.

२

थोड्याच वेळात साहेबांनी मला बोलावलं. मी चक्रावले. मला संस्थेत येऊन जेमतेम महिना झालेला. पदवी भौतिकशास्त्राची, काम मोजमापाची यंत्रं तपासायचं.

"तू अजून कुणाच्या गोटात नाहीस," साहेब म्हणाले. "म्हणून तुला सांगतो. बाईंनी लेखी तक्रार केली आहे. त्यांचं म्हणणं, काकांनी मुद्दाम त्यांच्या खोल्या उडवल्या आणि ती लायसन्स जावईबापूंना दिली."

"मुद्दाम का करतील?"

"काकांची पुतणी जावईबापूंच्या हाताखाली शिकते आहे. तिला पुढं कायम करायचं की नाही, ते जावईबापूंच्या हातात."

मी तेवढं वहीत टिपून घेतलं.

"पाच वाजता सगळ्यांना बोलावलंय. तोवर समाधानकारक कारण मिळालं नाही तर काकांना सर्व्हरच्या किल्ल्या टेबलावर ठेवून घरी जावं लागेल. आणि तू एवढ्या वर्षांचा माणूस घरी कसा जातो ते पाहिलेलं नाहीस. मी पाहिलंय."

बाहेर आल्यावर मी एका पाठकोऱ्या कागदावर गणित मांडलं. साठ उपकरणं. त्यातली बाईंची चार. चालू असलेली तीन चुकून निघाली आणि ती तिन्ही बाईंचीच असावीत, असं निव्वळ नशिबानं किती वेळा घडेल? उत्तर आलं, आठ हजारांत एखाद्या वेळी. मी पुन्हा करून पाहिलं. तेच. योगायोग इतका नेम धरून येत नाही. कुणीतरी किंवा कशानंतरी बाईंच्या खोल्या निवडल्या होत्या, हे नक्की. असा कोरा, स्वच्छ प्रश्न रोज रोज हातात पडत नाही.

काकांच्या खोलीत गेले तर ते स्क्रीनसमोर बसून होते. चष्मा कपाळावर, डोळे लाल.

"ये पोरी. चौकशीला आलीस ना? विचार."

"काका, तुम्ही केलंत का?"

ते चिडले नाहीत. "केलं असतं तर एवढं उघडं केलं असतं का गं? तीन काढायच्या आणि सकाळीच तीन जावईबापूंना वाटायच्या? चोरसुद्धा चार दिवस थांबतो."

हे मला पटलं. पण पटणं म्हणजे पुरावा नव्हे.

"काढण्याआधी यादी पाहिली होती?"

"पाहिली ना. शेवटच्या संपर्काच्या क्रमानं लावली होती. ताजे वर, मुके तळाला. वरच्यांकडे लक्षच दिलं नाही, तळातले पाच उचलले. नावं कशी कळणार? नुसते आकडे असतात उपकरणांचे."

त्यांनी मला खोल्यांच्या तापमानाचे आलेख दाखवले. बाईंच्या पहिल्या खोलीची रेघ गेल्या वर्षीच्या डिसेंबरात जाऊन थांबली होती. पुढं कोरं. पण डिसेंबरातली रेघ मात्र विचित्र होती. इतर रेघा सुईत ओवता येतील इतक्या बारीक, आणि ही केसाळ, सुरवंटासारखी.

"हे काय?"

"तेव्हा सेन्सर बिघडला असेल. काय करायचंय जुन्या गोष्टीचं?"

मी ते मनात टिपून ठेवलं. रेघ केसाळ व्हायला एका क्षणाला दोन-तीन वेगवेगळी मापं लागतात, आणि एक सेन्सर एका क्षणी एकच माप देतो.

"आधी बाईंच्या कळ्या वाचवू," काका म्हणाले. "पाच लायसन्स सुटली, तीन गेली, दोन आहेत. त्यात दोन खोल्या बसतात."

त्यांनी फोन केला. बाईंनी पहिली आणि दुसरी निवडली. काकांनी दोन्ही नव्यानं नोंदवल्या. स्क्रीनवर दोन हिरवे टिपके उमटले. खालून कुणीतरी ओरडलं, "लागले, लागले!" काकांनी कपाळावरचा चष्मा नाकावर आणला आणि आम्हा दोघांना चहा मागवला.

"तो नियम बंद केलात ना?" मी विचारलं.

"चालू आहे. दर तासाला आपोआप फिरतो. पण या दोघांना काय धोका? नियम सहा महिने गप्प असलेल्यांना काढतो. हे तर आत्ता, तुझ्यासमोर बोलले."

तेही खरंच होतं. आम्ही बोलत राहिलो. काका पुतणीबद्दल सांगत होते. लहानपणी ती त्यांच्या किल्ल्यांचा जुडगा घेऊन घरभर खुळखुळवत फिरायची. दोन्ही हातांनी त्यांनी कप धरला होता. कीबोर्ड हातभर लांब.

तेवढ्यात फोन वाजला. काकांनी तो उचलला आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"दोन्ही खोल्या पुन्हा विझल्या," ते म्हणाले.

स्क्रीनवर हिरवे टिपके नव्हते. नोंदीच नव्हत्या.

३

म्हणजे काका सुटले? माझ्यापुरते सुटले. त्यांचे हात माझ्या डोळ्यांसमोर होते. पण साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, "आधीच नियम लावून ठेवला असेल. त्याला हात कशाला लागतात?" हेही बरोबर. उलट आता बाई आणखी भडकल्या. दोनदा विझलेली खोली त्यांच्या दृष्टीनं दोनदा केलेला गुन्हा होता.

मी जावईबापूंकडे गेले. तरुण शास्त्रज्ञ, कपडे परीटघडीचे. संस्थेत रुजू झाले त्या दिवशी कुणीतरी खुर्ची पुढं करेपर्यंत उभेच राहिले, तेव्हापासून हे नाव पडलं. त्यांना ते माहीत आहे आणि त्यांना ते आवडतंही.

"या, तपासनीस मॅडम," ते म्हणाले. "मला हातकड्या घालणार का?"

"आधी प्रश्न. मग पाहू."

"विचारा. फायदा मला झाला, तेव्हा संशय माझ्यावर. न्यायच आहे."

"काकांना तुम्ही घाई केली होती?"

"रोज. सकाळ-संध्याकाळ. गोड बोलून, रागावून, शेवटी त्यांच्या पुतणीकडून निरोप पाठवूनसुद्धा. ते तेवढं चुकलं, कबूल आहे. पण लायसन्स कुणाची काढा, हे मी कधी सांगितलं नाही. आणि बाईंची तर मुळीच नसती सांगितली. त्या मला तशाच रोज धारेवर धरतात. आगीतून फुफाट्यात कोण जाईल?"

"सर्व्हरचा पासवर्ड?"

"कुलूपकाका पासवर्ड देतील? ते मला पेन देत नाहीत."

मला हसू आवरेना. त्यांच्या खोल्या पाहिल्या. आत दिवे चोवीस तास सारखेच, गारवा एकाच अंकावर बांधलेला. रात्र नाही, दिवस नाही.

"तुमच्या खोल्यांना काही झालं नाही?"

"काही नाही. आणि एक सांगू? तुम्ही सगळे विचारताय, तीन खोल्या का गेल्या. मला वेगळंच कोडं पडलंय." त्यांनी आवाज खाली आणला. "बाईंवर दात ठेवून कुणी हे केलं असेल, तर त्यानं चौथी का सोडली?"

मी जागच्या जागी थांबले.

खरंच. चौथी खोलीही बाईंचीच. ती तशीच चालवली जाते, त्याच मदतनिसाच्या हातून, त्याच जातीच्या कंट्रोलरवर. माणसाचा राग असा पाऊण भागात थांबत नाही. यंत्राचा नियम मात्र थांबतो, कारण त्याला राग नसतो, फक्त अट असते. चौथी त्या अटीत बसली नाही. मग पहिल्या तिघींत असं काय होतं, जे चौथीत नव्हतं?

जिना मी दोन दोन पायऱ्या टाकत उतरले.

४

बाई चौथ्या खोलीच्या दाराशी उभ्या होत्या. बाहेर उकाड्यानं जीव हैराण, ऑगस्टचा दमट दिवस, आणि त्यांच्या अंगावर लोकरीची शाल.

"आत यायचं असेल तर ही घे," त्यांनी खुंटीवरची दुसरी शाल पुढं केली. "आणि कशालाही हात लावायचा नाही. कुलूपकाकांना मी कधी आत घेतलं नाही, तुला घेते आहे. का, ते विचारू नकोस."

"का?" माझ्या तोंडून निघून गेलंच.

त्या पहिल्यांदाच हसल्या. "तू सकाळपासून एकाच माणसाची बाजू घेऊन फिरत नाहीयेस, म्हणून."

आत गारठा होता. प्रकाश तिरपा नव्हता, पण कोवळा होता, सकाळच्या अंगणातल्यासारखा. वेलींवर कळ्यांची नुसती चाहूल.

"थंड आहे," मी म्हणाले.

"असणारच. नोव्हेंबर आहे."

"म्हणजे नोव्हेंबरसारखं हवामान ठेवलंय."

"सारखं नाही गं. नोव्हेंबरच. ही वेल दिवस आखूड होत चालल्याशिवाय फुलत नाही. रोज थोडा थोडा आखूड, थोडा थोडा गार. एकदम बारा तासांची रात्र करून चालत नाही, तिला फसवलेलं कळतं. ऋतू खरा लागतो."

"बाकीच्या तीन खोल्यांत?"

"दोन खोल्यांत डिसेंबर. तिसरीत फेब्रुवारी उजाडला होता." त्यांचा आवाज ओला झाला. "होता म्हणायचं आता."

मी भिंतीवरच्या कंट्रोलरकडे पाहिलं. छोटा पडदा, त्यावर वेळ आणि तापमान, खाली चार बटणं.

"बाई, एक विचारू? आज नोव्हेंबर आहे, हे याला कसं कळतं?"

"त्याच्या पोटात वर्षभराचं गणित आहे. कुठल्या दिवशी सूर्य कधी उगवतो, कधी मावळतो, गारवा किती. तो तसे दिवे लावतो."

"कुठल्या दिवशी, म्हणजे तारखेवरून?"

"हो."

"आणि तारीख कोण लावतं?"

बाईंनी शाल नीट केली. प्रश्न त्यांना अगदीच बाळबोध वाटला असावा. "मी. ऋतू लावायचा दुसरा उपायच नाही त्याच्यात. हंगाम संपत आला की बटण दाबून पुन्हा मागं, सप्टेंबर-ऑक्टोबरात न्यायचं. गेल्या वर्षी दोन महिने मागं नेलं, मग तीन, मग पुन्हा तीन. आम्ही त्याला ऋतू लावणं म्हणतो. इतकी वर्षं करतोय, आता तारीख लावतोय असं वाटतही नाही."

"आणि ही चौथी?"

"ही नवी. हिला मागं न्यायला खूप दाबावं लागलं असतं. पुढं जवळ होतं. तीन महिने पुढं ढकललं, झाला नोव्हेंबर."

मी एक बटण दाबलं. हात लावू नको म्हणून सांगितलेलं असताना दाबलं. पडद्यावर तारीख उमटली. चौदा नोव्हेंबर.

"अगं पोरी!"

"बाई," मी म्हणाले, आणि माझा आवाज मलाच परका वाटला, "तुमचा गुन्हेगार सापडला. पण तुम्हाला तो मुळीच आवडणार नाही."

५

पाचाला अजून थोडा वेळ होता. मी सगळ्यांना काकांच्या खोलीत गोळा केलं. साहेब, जावईबापू, बाई. बाई त्या खोलीत पहिल्यांदाच येत होत्या, आणि काकांनी त्यांच्यासाठी खुर्ची पुसली. जावईबापू स्वतःच स्टूल ओढून बसले.

"काका, नियम थोडा वेळ थांबवा. पूर्ण बंद."

त्यांनी थांबवला.

"आता पहिली आणि दुसरी खोली पुन्हा नोंदवा."

हिरवे टिपके उमटले. खालून दिवे लागल्याचा निरोप आला. बाई उठायला लागल्या. मी त्यांना हातानं थांबवलं.

"आता यादी शेवटच्या संपर्काच्या क्रमानं लावायची. पण लावण्याआधी मी तीन गोष्टी सांगते. पाहा, खऱ्या ठरतात का. आत्ता नोंदवलेल्या या दोन खोल्या सगळ्यांत वर दिसायला हव्यात ना? त्या वर नसतील. पार तळाला असतील."

"छे!" काका म्हणाले. "आत्ता बोलल्यात त्या."

"त्यांच्यापुढे डिसेंबर लिहिलेला असेल. आणि यादीच्या अगदी वर बाईंची चौथी खोली असेल, आजच्याही पुढच्या तारखेला. तिनं सर्व्हरला येत्या नोव्हेंबरातून हाक मारली आहे."

काकांनी माऊसवर हात ठेवला. मग त्यांनी क्लिक केलं.

सगळ्यांत वरच्या ओळीत चौदा नोव्हेंबर. मधे पन्नासएक ओळी, सगळ्या आजच्या. आणि तळाशी, एकाखाली एक, दोन ओळी. डिसेंबर. डिसेंबर.

साहेब खुर्चीतून उठले. जावईबापूंनी शीळ घातली आणि लगेच "माफ करा" म्हणाले.

"काका, पत्र आलं की तारीख दोन ठिकाणी असते," मी म्हणाले. "एक लिहिणाऱ्यानं वर घातलेली, दुसरी पोस्टाच्या शिक्क्याची. तुमचा सर्व्हर कुठली वाचतो?"

काका पुटपुटले, "लिहिणाऱ्याची. मीच तशी ठेवली आहे. लाइन तुटली की मापं उशिरा येतात. ती ज्या वेळची असतील त्या वेळेलाच आलेखात बसायला हवीत." मग एकदम त्यांनी कपाळावर हात मारला. "केसाळ रेघ!"

"हो. बाईंनी खोली दोन-तीनदा मागं नेली. दर वेळची मापं जाऊन त्याच डिसेंबरावर बसली. तुमच्या आलेखात एकच डिसेंबर तीन वेळा उजाडलाय."

"पण सर्व्हर खोटं बोलत नाही," ते म्हणाले. आता ते वाक्य प्रश्नासारखं वाटलं.

"बोलला नाहीच. त्यानं जे ऐकलं ते सांगितलं. त्याच्याशी कंट्रोलर खोटं बोलला. आणि कंट्रोलरशी..."

पुढं बोलायची गरज पडली नाही. सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं. बाई तळातल्या त्या दोन ओळींकडे पाहत होत्या.

"वेलीशी खोटं बोलत होते मी," त्या हळू म्हणाल्या. "मधे आणखी कोणी ऐकत असेल, हे डोक्यातच आलं नाही."

"तसं नाही बाई," काका घाईघाईनं म्हणाले. "नियम माझा. तळातलं उचललं आणि टाकलं. एकदा खाली येऊन दार ठोठावलं असतं तर..."

"मी उघडलं नसतं."

"तरी ठोठावायला हवं होतं."

"अहो, तारीख मी मागं नेली!"

"पण न विचारता काढलं मी!"

साहेब दोघांकडे आळीपाळीनं पाहत होते. सकाळी ज्या दोघांना एका खोलीत बसवणं मुश्कील होतं, ते आता दोष आपल्याकडे ओढून घ्यायला भांडत होते.

"एक मिनिट," साहेब म्हणाले. "भांडण नंतर. तिसऱ्या खोलीचं काय? लायसन्स दोनच उरली होती."

बाईंचा चेहरा उतरला. तिसऱ्या खोलीतल्या वेली सगळ्यांत पुढं गेलेल्या होत्या. तिथल्या कळ्या फुटायच्या बेतात होत्या, आणि त्या रात्रीपासून अंधारात होत्या. बाईंनी पहिल्या दोन खोल्या निवडल्या होत्या, कारण तिथं झाडं जास्त. तिसरी त्यांनी मनातल्या मनात सोडून दिली होती.

जावईबापूंनी घसा खाकरला.

"माझी एक खोली... म्हणजे तशी... रिकामीच आहे."

"रिकामी?" काका ताडकन वळले. "सकाळ-संध्याकाळ माझ्या दारात उभे राहून तीन हव्यात, तीन हव्यात..."

"कुंड्या पुढच्या महिन्यात येणार आहेत. म्हटलं, जागा धरून ठेवावी. नाहीतर परत तुमच्या दारात उभं राहावं लागलं असतं."

"म्हणजे रुमाल टाकून ठेवलात!"

"हो," जावईबापू म्हणाले. परीटघडीचा माणूस पहिल्यांदाच चुरगळलेला दिसला. "काढा ती नोंद. आत्ता काढा."

काकांनी नोंद काढली, तिसरी खोली नोंदवली आणि फोन कानाला लावून थांबले. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो. फोनवर काहीतरी ऐकू आलं. त्यांनी डोळे मिटले.

"लागले," ते म्हणाले.

बाई धावल्या. खरोखर धावल्या. त्यांच्यामागं काका, मग साहेब, मग आम्ही. तिसऱ्या खोलीच्या दारात बाई क्षणभर थांबल्या. खुंटीवर दोन शाली होत्या. एक त्यांनी स्वतः घेतली, दुसरी काकांच्या हातात दिली.

"या आत. फेब्रुवारी आहे, गारठा आहे अजून."

दाराच्या फटीतून मला कळ्या दिसल्या. मान टाकलेल्या, पण वेलीवरच.

६

पाच वाजता साहेबांच्या केबिनमध्ये टेबलावर काकांना घरी पाठवण्याचा टाइप केलेला कागद होता. काकांनी स्वतःहून किल्ल्यांचा जुडगा त्याच्या शेजारी ठेवला होता. सवयीचा माणूस. सांगितलं होतं पाच, म्हणजे पाच.

"ते उचला," साहेब म्हणाले. "पण माझ्याकडे लेखी तक्रार आलेली आहे. ती असेपर्यंत मला हा कागद फाडता येत नाही. बाई, तुमची तक्रार..."

"मागे घेते."

"लेखी द्यावं लागेल."

"द्या पेन."

बाईंनी टेबलावरचा कोरा कागद ओढला आणि उभ्यानंच लिहायला सुरुवात केली. त्यांचं अक्षर मोठं, ठसठशीत. सकाळची तक्रार आपण पूर्ण माहिती न घेता केली होती. संबंधितांनी काम नियमाप्रमाणे केलं. नियम लावताना विचारायला हवं होतं, हे त्यांनी मान्य केलं आहे. ऋतू बदलताना कळवायला हवं होतं, हे मी मान्य करते आहे. इथून पुढं खोल्यांचे महिने सर्व्हर विभागाला आगाऊ कळवले जातील.

काका खिडकीकडे तोंड करून उभे होते. कान मात्र कागदावरच्या पेनाच्या आवाजाकडे. मला त्यांचा खांदा दिसत होता, सकाळपासून वर चढलेला आणि आता हळूहळू खाली येणारा.

बाईंनी सही केली. सहीखाली तारखेसाठी जागा सोडली होती. तिथं पेन टेकलं आणि तिथंच थबकलं.

बाईंनी एकदा छताकडे पाहिलं. मग टेबलावर कॅलेंडर शोधलं. साहेबांकडे ते नव्हतं. मग त्यांनी ओठ मुडपले, आणि मान न वळवता, केबिनमधल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

"काका, आज तारीख कोणती?"

जावईबापूंनी तोंडावर हात ठेवला. साहेब खाली पाहू लागले. काका खिडकीपासून वळले. त्यांनी घड्याळात पाहिलं नाही, सर्व्हरला विचारलं नाही.

त्यांनी तारीख सांगितली, आणि बाईंनी एक शब्दही न विचारता ती तशीच लिहून टाकली.